दांडीवरची खूण

फाटकाच्या दोन्ही बिजागऱ्यांना लाल तेल. उन्हाने पातळ होऊन एक ओघळ खांबावरून खाली उतरलेला. फाटक उघडलं तर मांजरालासुद्धा कळत नाही.

*

नवऱ्याला गाडी लागते. पुढे बसला तरी लागते, मागे बसला तरी लागते, उभ्या गाडीत काचा लावून बसला तरी लागते. ज्याला गाडी लागते त्याच्याच दारात गाडी, असं लोक म्हणतात. तो हसतो. चालवते बायको.

*

सासऱ्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं. बाकीची दोन विहिरीवरच्या इंजिनाच्या पट्ट्याने नेली. इंजिन चालू होतं आणि पट्टा सरकत होता, तो त्यांनी हाताने सारायला घेतला.

*

फळ तोडायचं ते पिकायच्या आधी. पिकलेलं झाडालाच राहतं, पाखरं खातात.

*

"मागे चौघी, मधे तिघी, पुढे मी. माझी खिडकी कुणी घ्यायची नाही." खिडकीवाली म्हातारी. रोज सकाळी, गाडीचं दार उघडायच्या आधी.

*

बुधवारी चढावर गाडी ओरडली, पण हलली नाही.

बागेच्या रस्त्याला चढ एकच, पण आडवा येऊन बसलेल्या म्हशीसारखा. गेले काही दिवस तिथे आली की गाडी जराशी विचारात पडायची. इंजिन गळा काढायचं, गाडी जागच्या जागी, आणि मग पाठीत कुणी धपाटा घातल्यासारखी पुढे उडायची. मागच्या बाया एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

"ड्रायव्हरीणबाई, घरून भांडून आलात काय?"

"नवऱ्याचा राग आमच्यावर काढते ही."

सून आरशात बघून हसायची. रोज सकाळी निघताना ती न चुकता बॉनेट उघडायची, गिअरच्या तेलाची दांडी ओढायची, फडक्याला पुसायची, परत घालून परत ओढायची. तेल बरोबर खुणेवर असायचं. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

बुधवारी धपाटा बसलाच नाही. इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि केस जळल्यासारखा वास आत आला. बाया उतरल्या. टोपल्या उतरवल्या, टपावरच्या शिड्या उतरवल्या, आणि वाऱ्यात तोंडं झाकून चालायला लागल्या. खिडकीवाली बसूनच राहिली.

"तुम्ही नाही जात मावशी?"

"चालू झाली म्हणजे?"

"नाही होत ती आता."

"मग आधी सांगायचं ना." म्हातारी उतरली. दार तिने हळूच लावलं, आजारी माणसाच्या खोलीचं लावतात तसं.

चढाच्या माथ्यावर मुकादम उभा होता. तोडणीची माणसं जमवायची आणि त्यांना आणणारी गाडी ठरवायची हे त्याचं काम. त्याने एकेक बाई वर येताना बघितली. खाली उभ्या गाडीकडे बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. घड्याळ बघितलेलं खालून दिसावं, इतका हात वर करून बघितलं.

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. इंजिन बंद, आणि सून स्टिअरिंगला धरून आत बसलेली. दुकानाशी उभा असलेला एकजण वाकून म्हणाला, "आज पेट्रोल वाचलं म्हणायचं." ती समोर दोराकडे बघत राहिली.

*

हंगामाची फेरी ज्याच्या हातात, त्याच्याच हातात ती पुढच्या वर्षी राहते. एकदा गेली की गेली. दुसरा गाडीवाला टपलेलाच होता, त्याच्या गाडीला नवे पडदेसुद्धा लावून झाले होते. नवरा फळं निवडायच्या शेडमध्ये कामाला होता, तेही हंगामापुरतं. या घराची चूल वर्षभर जी पेटायची ती फेरीवर. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "तेल बघितलं होतं?"

"सकाळी. खुणेवर होतं."

"मग तेलाचं नाही," सासरे म्हणाले. "दुसरं काहीतरी."

*

मिस्त्रीला सगळे थांबामिस्त्री म्हणायचे. काहीही सांगायला जा, त्याचा पहिला शब्द "थांबा". लग्नात मुलीचे वडील "पसंत आहे ना?" म्हणाले तेव्हाही तो "थांबा" म्हणाला होता, अशी गोष्ट होती. तो गुरुवारी सकाळी आला. फाटक ढकललं, मागे वळून फाटकाकडे बघितलं, पुन्हा एकदा उघडून लावून बघितलं.

"फाटक छान आहे तुमचं."

"गाडी बघा," नवरा म्हणाला.

"थांबा."

तो गाडीखाली आडवा झाला. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटाखालचं तेलाचं ताट, त्याचे बोल्ट एकेक करून ढिले केले. खाली सुनेने घमेलं धरलं होतं. तेल आलं ते लाल नव्हतं. चहाच्या गाळासारखं काळपट, आणि त्याला बुधवारचाच वास. ताटाच्या तळाशी एक चुंबक बसवलेलं असतं. त्यावर राखेसारखा चिखल चढला होता. मिस्त्रीने तो अंगठा आणि तर्जनीत चोळून बघितला.

"खाली उतरवावा लागेल."

"गाडी?"

"गिअरबॉक्स. प्लेटा जळल्यात." तो उठून बसला. "तेल किती निघालं बघा. निम्म्याच्या वर थोडंसं. इतक्या कमी तेलावर किती दिवस पळवलीत?"

"कमी नव्हतं," सून म्हणाली.

"हे काय मग?"

"रोज बघते मी. रोज."

मिस्त्रीने घमेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याला शंभर माणसांनी शंभर वेळा सांगितलं होतं की आम्ही रोज बघतो. त्याने हात पुसले.

"बरं," तो म्हणाला.

त्या "बरं"ने तिचे कान तापले. तिने घमेलं उचललं आणि भिंतीकडे नेऊन ठेवलं. थोडं तेल पायावर सांडलं, ते तिने तसंच राहू दिलं.

*

शुक्रवार

मोठ्या गॅरेजात गाडी उचलायला लिफ्ट असते. इथे होते दोन जॅक, लाकडी ओंडके, गोठ्याची जुनी तुळई आणि साखळी. इंजिन वरून साखळीने तुळईला टांगलं, म्हणजे गिअरबॉक्स काढल्यावर ते पडणार नाही. चाकं काढली. एक्सल ओढून काढले. दोन्ही बाजूंना उरलेलं तेल ठिबकलं. वारा गोठ्याच्या पत्र्याखालून शिरत होता आणि धूळ डोळ्यात जात होती. गाडीखाली उताणं झोपल्यावर डोळे चोळता येत नाहीत, कारण हात काळे असतात. सून बाहीने डोळे पुसायची, नवरा पुसायचाच नाही, नुसता पाणी गाळत पाना फिरवायचा.

"उभ्या गाडीखाली तरी लागत नाही ना तुम्हाला?" मिस्त्रीने विचारलं.

"थोडी लागते."

"तोंड त्या बाजूला करा मग."

मिस्त्री हसला नाही. सून हसली, आणि हसताना तिच्या हातातला बोल्ट निसटून गळ्यावर पडला.

शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा गिअरबॉक्स तिघांच्या छातीवर आला. गोणपाटावर घेऊन तो हळूहळू बाहेर सरकवला. सासरे खाटेवर बसून बघत होते. गिअरबॉक्स उजेडात आला तेव्हा ते उठले, आत गेले आणि स्वतःची जुनी चादर घेऊन आले.

"यावर मांडा. मातीत नको."

दुपारी मुकादम आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने चहा घेतला, चादरीवरच्या भागांभोवती चपला वाजवत एक फेरी मारली.

"एवढं सगळं असतं होय आत? मला वाटायचं दोन-चार चाकं असतील."

"सोमवारी येते मी," सून म्हणाली.

"या की. घाई कुठे आहे."

"माणसं कशी नेताय?"

"चालतायत. ट्रॅक्टरने जातायत. निभतंय." त्याने कप पालथा घातला. "तुमची जागा कुठे जाते? सोमवारी सकाळी फाट्यावर गाडी लावा, संपलं."

तो फाटकातून गेला. फाटक वाजलं नाही, त्यामुळे तो गेला हे नवऱ्याला थोड्या वेळाने कळलं.

*

चादरीवर, डावीकडून उजवीकडे, निघाले त्या क्रमाने: कव्हर. पंप. एक मोठी कडी, जिच्यावरचं तांबूस रबर तुटलं होतं. जळालेल्या प्लेटा, ज्यांच्या अंगावरची कागदासारखी खरबरीत साल निघून गेली होती. त्यांच्या मधल्या लोखंडी प्लेटा, तव्यासारख्या निळ्या पडलेल्या. स्प्रिंगा. लहान स्प्रिंगा. एक सर्वांत लहान स्प्रिंग, जिच्यासाठी सून चादरीवर गुडघे टेकून राहिली होती, कारण वारा होता. मांडायचं काम तिचं.

"निघालं तसं मांडायचं," मिस्त्रीने सांगितलं होतं. "बसवताना शेवटून सुरू करायचं. डोकं वापरायचं नाही. डोकं वापरलं की स्प्रिंग उरते."

*

नव्या प्लेटा शनिवारी आल्या. त्या आधी तेलात भिजत घालायच्या असतात, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणाला जळतात. सुनेने तेलाचा डबा उघडला. तेल लाल, सरबतासारखं. ते परातीत ओतताना मिस्त्री जवळ येऊन उभा राहिला.

"थांबा."

ती थांबली. त्याने परातीकडे बघितलं, मग वळून अंगणाच्या टोकाला फाटकाकडे बघितलं. तो चालत गेला. बिजागरीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. परत आला.

"फाटकाला हेच लावलंय."

"हो," नवरा म्हणाला. "उरलं होतं."

"उरलं म्हणजे? कुठून उरलं?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिने परातीतली प्लेट उलटी केली.

"हंगामाच्या तोंडावर ही गाडी घेतली तेव्हा तेल जास्त होतं," नवरा म्हणाला. "दांडीवर खुणेच्या बरंच वर. मग काढलं. मीच नळीने ओढलं, एक घोट पोटात गेला माझ्या. दोन दिवस चहाला खिळ्याची चव."

"कुणी सांगितलं जास्त आहे म्हणून?"

 वारा चादरीच्या कोपऱ्याशी खेळत होता. सुनेने कोपऱ्यावर पाना ठेवला.

"बाई," मिस्त्री म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज गुरुवारसारखा नव्हता, "तुम्ही दांडी कशी बघता? करून दाखवा."

"आत्ता?"

"नुसतं हाताने. गाडीशी या."

ती गेली. पोकळ गाडीच्या उघड्या बॉनेटपुढे उभी राहिली आणि लहानपणी पाढे म्हणतात तसं म्हणाली, "इंजिन बंद. मग बॉनेट. मग हात." तिने हवेत दांडी ओढली, हवेत पुसली.

"इंजिन बंद करून?"

"हो."

"रोज?"

"आमच्याकडे बंदच करतात."

"या गाडीचे गिअर आपोआप पडतात. असल्या गाडीचं गिअरचं तेल चालू इंजिनावर बघायचं असतं," मिस्त्री म्हणाला. "इंजिन फिरलं की पंप तेल वर खेचतो. बंद झालं की वरचं सगळं खाली उतरतं, आणि दांडी बुडते. बंद गाडीवर ते जास्तच दिसणार. जास्त दिसलं, तुम्ही काढलंत. मग कमी असून रोज बरोबर दिसलं." त्याने पुन्हा फाटकाकडे बघितलं. "एवढं कुणी करत नाही. लोक बघतच नाहीत. तुम्ही रोज बघितलंत."

"इंजिन चालू असताना आत हात घालायचा नसतो," सासरे खाटेवरून म्हणाले.

मिस्त्रीने त्यांच्या हाताकडे बघितलं. तो हात गुडघ्यावर होता, पालथा. मिस्त्रीच्या तोंडात काहीतरी आलं होतं, गाडीचं तेल फाटकाला पाजल्याबद्दल असावं. ते त्याने गिळलं.

"पट्ट्यात नाही घालायचा, बाबा," तो म्हणाला. "दांडी बाजूला असते."

"बाजूलाच असतं सगळं," सासरे म्हणाले.

ते उठून आत गेले. त्या दिवशी ते जेवायला बाहेर आले नाहीत. सुनेने ताट आत नेलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताट तिने स्टुलावर ठेवलं आणि थोडी थांबली.

"आबा, गार होईल."

"तू सांगायचं होतंस," ते भिंतीला म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत होतं?"

"मिस्त्रीला सांगायचं होतंस. म्हाताऱ्याने काढायला लावलं म्हणून. ऐकून घेत बसलीस गुरुवारी."

"भाजीत मीठ कमी आहे आज," ती म्हणाली, आणि बाहेर आली.

*

बसवताना डोकं वापरलं नाही. स्प्रिंग उरली नाही.

रविवारी गिअरबॉक्स परत गाडीखाली न्यायचा होता. काढताना तो स्वतःच्या वजनाने खाली येतो, चढवताना तीन माणसं आणि चौथं कुणीतरी लागतं. मिस्त्री आणि नवरा उताणे झोपले, सून गुडघ्यावर. छातीवरून उचलायचा, इंजिनाच्या तोंडाशी दोन खिळे आहेत त्यांत नेमका बसवायचा, आणि बसेपर्यंत धरून ठेवायचा. पहिल्यांदा गेला नाही. दुसऱ्यांदा नवऱ्याचं मनगट मधे आलं. तो ओरडला नाही, फक्त "अगं अगं अगं" म्हणाला, हळूहळू लहान होत जाणाऱ्या आवाजात.

तिसऱ्यांदा खाली एक लाकडी फळी सरकली. फळीचं दुसरं टोक बाहेर होतं आणि त्यावर सासरे अंगाचं सगळं वजन टाकून वाकले होते.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"डावी. जरा वर. थांबा. थांबा."

"थांबलोय."

"आणखी केसभर."

फळी कुरकुरली. गिअरबॉक्स खट्ट करून बसला. नवऱ्याने पहिला बोल्ट घातला, सुनेने दुसरा. सासरे फळीवर तसेच वाकून राहिले. त्यांना कुणी "झालं" म्हणायला विसरलं होतं. त्यांच्या मानेवरची शीर दोरीसारखी उभी राहिली होती. मग सुनेला दिसलं.

"आबा, सोडा आता."

त्यांनी फळी सोडली आणि हात मागे लपवला. हाताला कळ लागली होती.

दुपारनंतर तेल भरलं. गाडी सुरू केली. मिस्त्रीने तिला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि गिअरचा दांडा एकेका जागेवर न्यायला लावला, मागे, मधे, पुढे, प्रत्येक ठिकाणी जरा थांबून. गाडी दर वेळी मान हलवल्यासारखी हलली.

"आता ती दांडी," मिस्त्री म्हणाला. "मी बघू की तुम्ही?"

"तुम्ही बघा," नवरा घाईने म्हणाला.

मिस्त्रीने बघितलं, थोडं तेल घातलं, पुन्हा बघितलं. पैशाचं बोलणं नवऱ्याने फाटकाशी नेऊन उरकलं. जाताना मिस्त्री म्हणाला, "दोन-चार दिवस रोज बघायचं. गरम गाडीवर. चालू गाडीवर."

*

सोमवार. उजाडत होतं. वारा पडला होता, गवतावर गार ओल होती.

सुनेने गाडी सुरू केली आणि गरम होऊ दिली. बॉनेट वर केलं. आतला पंखा फिरत होता, पट्टा फिरत होता, सगळं इंजिन थरथरत होतं. दांडी होती पट्ट्यापासून वीतभर लांब. ती उभी राहिली. इतकी वर्षं जे तिने म्हणून पाठ केलं होतं ते तिच्या तोंडात अर्धं आलं आणि पुढे जाईना. तिने हात पुढे केला, मागे घेतला, ओढणी कमरेला खोचली.

मागे चपलांचा आवाज आला. सासरे होते. त्यांनी पाठीवरून तिची वेणी उचलली आणि तीन बोटांच्या मुठीत धरली, घट्ट, केस ओढले जातील इतकी घट्ट.

"घाल," ते म्हणाले.

तिने हात घातला. दांडी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल लाल होतं आणि खुणेवर होतं.

"काय?"

"बरोबर आहे."

"पुन्हा बघ."

तिने पुन्हा बघितलं. मग बॉनेट पाडलं. सासऱ्यांनी वेणी सोडली आणि तोंड धुवायला गेले.

फाट्यावर ती पोचली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. टोपल्या नव्हत्या, शिड्या नव्हत्या. आपण लवकर आलो असं तिला वाटलं. तिने इंजिन चालूच ठेवलं. एक कुत्रं आलं, चाक हुंगून गेलं. ऊन रस्त्यावर उतरलं. मग खिडकीवाली म्हातारी लगबगीने आली, एका हातात टोपली, एका हातात चप्पल. चपलेचा अंगठा तुटला होता.

"गेले का सगळे?" तिने लांबूनच विचारलं.

"कुठे?"

म्हातारी जवळ आली. तिने गाडीत वाकून बघितलं, मागच्या रिकाम्या सीटा बघितल्या.

"अगं, ती पडदेवाली गाडी येणार होती ना. पहाटेच न्यायची म्हणत होते. माझी चप्पल तुटली, मला उशीर झाला." तिने सुनेच्या तोंडाकडे बघितलं. "तुला नाही सांगितलं?"

"नाही."

"मला वाटलं सांगितलं असेल." म्हातारी जरा उभी राहिली. मग पुढचं दार उघडून खिडकीशी बसली आणि टोपली मांडीवर घेतली. "मला सोड आता वरपर्यंत. चालत गेले तर अर्धा दिवस कापतील."

सुनेने दांडा पुढे ओढला. चढाच्या पायथ्याशी तिने सवयीने श्वास धरला. गाडी थांबली नाही, ओरडली नाही. एक गिअर पडला, मग दुसरा, कळणारही नाही असे. म्हातारीच्या मांडीवरची टोपली हललीसुद्धा नाही.

"बरी झाली की गं," म्हातारी म्हणाली.

"हो."

पडदेवाल्या गाडीला मुकादमाने शब्द दिला होता तो गुरुवारी दुपारी. गिअरबॉक्स तेव्हा अजून गाडीतच होता.